कडी कोणाच्या हाती

नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचे पंख्याच्या आकाराचे एक बेट होते, समुद्रात भराव घालून केलेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला दोन मिनिटे पुरावीत एवढेच. १६४१ पासून पुढे दोनशेहून अधिक वर्षे जपानमध्ये राहणाऱ्या डच व्यापाऱ्यांचे सगळे जग एवढ्या जागेत मावत असे. बेटाला शहराशी जोडणारा एक पूल, पुलाच्या तोंडाशी पहारा आणि तिथे एक सूचनाफलक: गणिकांखेरीज अन्य स्त्रियांना आत प्रवेश नाही, कोया पर्वतावरचे भिक्षू वगळता इतर साधू-बैराग्यांना नाही, भिकाऱ्यांना नाही. डचांनाही मनाला येईल तेव्हा पूल ओलांडता येत नसे. ठरलेल्या वेळी त्यांचा प्रमुख भेटवस्तू घेऊन एदोला शोगुनच्या दरबारात जाई, मुजरा करी आणि परत बेटावर येई.

तोकुगावा राजवटीचा जपान हे बंद समाजाचे हमखास दिले जाणारे उदाहरण आहे आणि ते चुकीचेही नाही. पण जरा जवळून पाहिले की चित्र बदलते. दरवर्षी जहाज लागले की डचांना जगातल्या घडामोडींचा अहवाल द्यावा लागे. दुभाषे त्याचे जपानी भाषांतर करून एदोला पाठवत. दुभाष्याचे काम वंशपरंपरेने ठराविक घराण्यांकडे होते. चिनी व्यापारीही नागासाकीतच होते. कोरियाशी व्यवहार त्सुशिमामार्फत चाले, र्‍यूक्यू बेटांशी सात्सुमामार्फत, उत्तरेकडच्या ऐनूंशी मात्सुमाएमार्फत. एका डच शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथावरून सुगिता गेनपाकू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले जपानी भाषांतर १७७४ मध्ये छापले गेले, तेही याच ‘बंद’ देशात. म्हणजे माल येत होता, बातम्या येत होत्या, विद्याही येत होती. खरा अटकाव होता तो सामान्य जपानी माणसाला. १६३५ च्या फर्मानाने त्याला परदेशी जायला बंदी केली आणि जाऊन परत येणाऱ्याला देहदंड सांगितला.

बंद समाजांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाने देजिमापासून सुरुवात करावी असे मला वाटते ते याचसाठी. बंद समाज म्हणजे जगाशी संबंध तुटलेला समाज, ही समजूत आपल्या डोक्यात फार घट्ट बसलेली असते. प्रत्यक्षात ज्या समाजांना आपण बंद म्हणतो त्यांचे बाहेरच्या जगाशी चांगले घसघशीत व्यवहार असतात. फरक एवढाच, की कोणी, काय, कोणत्या अटीवर आत आणायचे आणि आतल्यापैकी कोणाला बाहेर जाऊ द्यायचे, याचा निर्णय ज्याचा त्याच्याकडे नसतो. दाराची कडी काही मोजक्या हातांत असते. ते हात कोणाचे आणि परवानगीशिवाय बाहेर पडणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, हे दोन प्रश्न धरून चालले तर या विषयात सहसा रस्ता चुकत नाही.

एक घोळ आधीच मिटवून टाकू. अलिप्त समाज वेगळा, बंद समाज वेगळा. अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावरच्या लोकांना वर्तमानपत्रे सर्रास ‘जगातला सर्वांत बंद समाज’ म्हणतात. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या बेटावरून एक वृद्ध जोडपे आणि चार मुले पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. ती आजारी पडली, दोघे वृद्ध मरण पावले आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. त्या मुलांबरोबर बेटावर कोणते आजार गेले असतील, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पुढे १९९१ च्या जानेवारीत मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय ज्या तुकडीत होत्या तिच्या हातून बेटावरच्या लोकांनी कमरेभर पाण्यात उभे राहून नारळ घेतले. नंतर सरकारने अशा मोहिमा थांबवल्या. आता बेटाभोवती पाच सागरी मैलांत जायला बंदी आहे. या कथेतला बंदपणा कोणाचा? तीरकमठा रोखून उभे राहणाऱ्यांचा, की गस्तीच्या बोटी ठेवणाऱ्या शासनाचा? शिवाय त्या बेटावर आतल्या माणसाला बाहेर जायला मज्जाव आहे का, ते आपल्याला माहीतच नाही. तेव्हा हा समाज आपल्या विषयाच्या सीमेवर ठेवावा आणि पुढे जावे.

आता थोडे तत्त्वज्ञांकडे. बंद आणि खुला ही जोडी ठळकपणे मांडली हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने, नीती आणि धर्म यांच्या दोन उगमांवरच्या १९३२ च्या ग्रंथात. त्याच्या मते बंद समाज हा माणसाच्या घडणीतच आहे. आपल्या लोकांशी बांधिलकी, बाकीच्यांविषयी बेफिकिरी आणि सदैव हल्ल्याच्या किंवा बचावाच्या पवित्र्यात असणे, ही त्याची लक्षणे. यातला सर्वांत खोचक मुद्दा पुढेच आहे. कुटुंबावरचे प्रेम वाढत वाढत गावावर, गावावरून देशावर आणि देशावरून अखिल मानवजातीवर जाते, असे आपण शाळेपासून ऐकतो. बर्गसाँ म्हणतो, देशापर्यंत ते जाते. त्यापुढे जात नाही. देश कितीही मोठा असला तरी त्याच्या सीमेपलीकडे ‘ते’ असतात. मानवजातीकडे जायला उडी लागते, आणि ती उडी संत घेतात. त्याच्या उत्तराशी सहमत व्हा अगर होऊ नका, पण मोठा समाज म्हणजे खुला समाज नव्हे, हे त्याच्याइतके स्वच्छ फार थोड्यांनी सांगितले आहे.

कार्ल पॉपरचे नाव यापेक्षा जास्त परिचयाचे. व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस १९३७ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला शिकवायला गेला. दुसऱ्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि पॉपरने खुल्या समाजाच्या शत्रूंवर लिहायला घेतले. १९४५ मध्ये दोन खंड प्रसिद्ध झाले. ज्या समाजात रूढी आणि निसर्गनियम यांत फरक केला जात नाही, आणि सूर्य उगवतो तितक्याच अटळपणे अमक्याने तमके काम करायचे असे मानले जाते, तो त्याच्या लेखी बंद समाज. ज्यात माणसाला आपला निर्णय आपण घ्यावा लागतो, तो खुला. ही कसोटी उपयोगाची आहे. पण पॉपर वाचताना थोडे सावध राहावे. त्याच्या मनातली ‘टोळी’ बरीचशी ग्रीक ग्रंथांतून आलेली आहे. मानववंशशास्त्रज्ञांना भेटलेल्या टोळ्यांमध्ये माणसे कडाकडा भांडतात, रूढीचा अर्थ लावण्यावरून वाद घालतात, सोयीप्रमाणे पळवाटा काढतात. बंद समाज म्हणजे विचार न करणाऱ्यांचा समाज, अशी समजूत करून घेतली तर तो समाज टिकतो कसा, हेच कळेनासे होते.

टिकतो कसा, याचे उत्तर मला तरी मॅक्स वेबरकडे अधिक सापडते. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ या ग्रंथात संबंध खुले कधी राहतात आणि बंद कधी होतात याची काही पाने आहेत. त्यातला विचार असा: एखाद्या गोष्टीसाठी स्पर्धा वाढली, की काही लोक एकत्र येतात आणि बाकीच्यांना दूर ठेवण्यासाठी त्यांच्यातले एखादे लक्षण पकडतात. ते लक्षण वंश असेल, भाषा असेल, धर्म, जन्मगाव, काहीही. जे हाताशी असेल ते. आतल्यांसाठी संधी राखून ठेवणे हे मुख्य काम आणि लक्षण हे निमित्त.

हे वाचताना मराठी-कोकणी वाचकाला गोव्याची गावकारी आठवल्याशिवाय राहू नये. पोर्तुगीज यायच्या आधीपासून तिसवाडी, साष्टी, बारदेशातल्या गावांची जमीन मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या सामाईक मालकीची होती. या घराण्यांच्या गटांना वांगड म्हणतात आणि त्यांचे पुरुष वंशज ते गावकार. खाजणातली शेते ठराविक मुदतीसाठी बोली लावून कसायला द्यायची. आलेल्या पैशातून सरकारचे देणे, देवस्थानाचा खर्च आणि बांधांची डागडुजी भागवायची. उरेल ते गावकारांत वाटायचे. या वाट्याला जोण म्हणतात. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, पण मूळ घराण्यातला नसलेला माणूस गावकार होत नाही. लग्न करून परगावी गेलेली मुलगी नाही, आणि न गेलेलीही नाही. आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये या चालीरीती लेखी नोंदवून घेतल्या, तेव्हा पोर्तुगीजांना नवे काही निर्माण करावे लागले नाही. असलेल्या व्यवस्थेवर त्यांनी शिक्का मारला आणि महसूल घेतला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. सोळाव्या शतकात या गावांत धर्मांतरे झाली, देवळे पडली, चर्च उभी राहिली. एखाद्या समाजाचे दार उखडून टाकायला याहून मोठा धक्का कोणता? तरी वांगड टिकले. धर्म बदललेले गावकार गावकारच राहिले आणि त्यांच्या मुलांना जोण मिळत राहिली. कुंकळ्ळीला हे आजही उघड्या डोळ्यांनी पाहता येते. शिगम्याच्या दिवसांत कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्पेहून आपल्या मूळ गावी येते तेव्हा बारा छत्र्या नाचवत आणतात, बारा वांगडांच्या बारा. आणि त्या मिरवणुकीत गावातल्या ख्रिस्ती गावकारांनाही मान असतो. १५८३ मध्ये याच गावाने पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारले होते आणि नंतर बोलणी करायच्या निमित्ताने बोलावून गावच्या म्होरक्यांची कत्तल करण्यात आली होती. इतके होऊनही वांगडांची यादी शाबूत आहे. श्रद्धा बदलली की समाज खुला होतो, असे मानणाऱ्यांनी कुंकळ्ळीला एक फेरी मारावी.

याच गावांतली माणसे बोटीवर नोकरी शोधायला मुंबईला आली, तेव्हा धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात त्यांनी आपापल्या गावाच्या नावाने कूड काढले. एक मोठी खोली, भिंतीला लागून ट्रंका, एका बाजूला वेदी, संध्याकाळी रोझरी. गावचा असशील तर नाममात्र पैशात राहा, बोट लागली की जा. कूडही बंद होता, पण परक्या शहरात पाय टेकायला जागा देणारा. बंदपणाला आतून ऊब असते, हे खुल्या समाजाची बाजू घेणारे लेखक सहसा विसरतात आणि मग माणसे त्याला का चिकटून राहतात याचे त्यांना कोडे पडते.

वेबरने बंद होण्याचे कारण सांगितले. ते यंत्र नेमके कसे चालते, हे मात्र एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सांगितले. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आपल्याकडे ‘जातिनिर्मूलन’ जास्त वाचले जाते आणि ते योग्यच आहे. पण अभ्यासाची पद्धत शिकायची असेल तर हा आधीचा निबंध घ्यावा. तिथे आंबेडकर निषेधाने सुरुवात करत नाहीत. ते जवळजवळ गणित मांडतात.

गणित असे. जात म्हणजे बंद केलेला वर्ग आणि तो बंद राहतो तो जातीतच लग्न करण्याच्या नियमाने. पण हा नियम पाळायचा तर गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया यांची संख्या सारखी राहायला हवी. ती आपोआप राहत नाही. नवरा आधी मेला तर एक स्त्री जास्तीची होते. तिने गटाबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते, गटातच केले तर दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा नवरा जातो. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर सक्तीचे वैधव्य लादा. बायको आधी मेली तर पुरुष जास्तीचा होतो. तो पुरुष असल्याने त्याला जाळता येत नाही, आणि संन्यास लादला तर गटाची संख्या घटते. म्हणून त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून बायको द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचे नंतर कितीही उदात्तीकरण झाले असले, तरी त्यांचे मूळ काम कुंपण राखण्याचे. ज्या चाली तोवर वेगवेगळ्या ‘दुष्ट रूढी’ म्हणून सुधारकांच्या यादीत होत्या, त्यांना या निबंधाने एकाच यंत्राचे भाग म्हणून ओळखले. बंद समाजात स्त्रीवर इतका पहारा का असतो, हा प्रश्न अभ्यासात वेगळ्या प्रकरणाचा नाही, तो पहिल्याच पानावरचा आहे. देजिमाच्या पुलावरचा फलकसुद्धा बायकांपासूनच सुरू होत होता.

निबंधातला दुसरा मुद्दा अनुकरणाचा. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले. प्रतिष्ठा तिकडे असल्याने इतरांनी त्याची नक्कल केली. आणि ज्यांना नक्कल करायची नव्हती त्यांनाही आपल्यापुढे दार लागलेले आढळले. एकटी जात अशी काही वस्तू नसतेच, जाती नेहमी अनेकवचनी असतात. बंद समाज शेजारच्यालाही बंद करतो, हे वाक्य मी आंबेडकरांच्या तर्काला माझ्या शब्दांत जोडतो आहे, पण त्यांनी ते नाकारले असते असे वाटत नाही.

सगळ्यांना हे पटले असे नाही. इरावती कर्वे यांनी १९६१ च्या हिंदू समाजावरच्या पुस्तकात उलटी बाजू लावून धरली. त्यांचे म्हणणे, एक समाज फुटून जाती झाल्या नाहीत. मुळात वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन बसले. महाराष्ट्रातल्या कुंभारांकडे पाहा, असे त्या सांगतात: थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे, धंदा एक, नाव एक, पण सोयरीक नाही. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटायची घाईही नको. बंद गट हा आतून कडी लावून तयार होतो की आधीपासूनच वेगळा असतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

भारताबाहेरचे एक उदाहरण मी वर्गात नेहमी घेतो, कारण ते आपल्या अंदाजांना सुरुंग लावते. अमेरिकेतले आमिश. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि अल्सासच्या परिसरात याकोब आमान याने बहिष्कार कडक पाळला पाहिजे या मुद्द्यावर मूळ पंथापासून फारकत घेतली. म्हणजे या समाजाचा जन्मच ‘वाळीत टाकलेल्याच्या पंक्तीला बसायचे की नाही’ या भांडणातून झाला. आज ते घोडागाडीतून फिरतात, विजेच्या तारा घरात घेत नाहीत. पण त्यांचा टेलिफोनशी झालेला सौदा बघण्यासारखा आहे. घरात फोन नको, कारण तो जेवणाच्या टेबलावरचे बोलणे तोडतो आणि शेजाऱ्याकडे जायचे कारण काढून घेतो. शेताच्या कडेला, चार घरांत मिळून, एका खोपटात असला तर चालेल. नवे यंत्र आले की त्याने समाजाचे काय होईल यावर ते चर्चा करतात आणि मग ठरवतात. रूढीला निसर्गनियम मानणारा पॉपरचा बंद समाज हा नव्हे. उलट, मोबाइल घेताना इतका विचार आपल्यापैकी कोणी केला होता?

आणि हा समाज आटत नाही, वाढतो आहे. १९०० च्या सुमारास पाच-सहा हजार असलेले आमिश आता चार लाखांच्या घरात आहेत. मुले पुष्कळ होतात आणि बहुतेक मुले मोठी होऊन बाप्तिस्मा घेतात. त्याआधी सोडून गेले तर नाते उरते; बाप्तिस्मा घेऊन सोडले तर बहिष्कार. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा आमिश पालकांना दिली. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदवले: मुलांना कोणी विचारले का? ज्याला बाहेर काय आहे हे शिकवलेच नाही, त्याला बाहेर जायची मोकळीक आहे असे म्हणायचे कसे?

मुंबईतल्या पारशी समाजाचा मार्ग निराळा. आमिशांत बाहेरचा माणूस क्वचित येतो, पण तत्त्वतः येऊ शकतो; पारशांत प्रश्न जन्माचा. रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नीने झरथुष्ट्री धर्म स्वीकारला, त्यावरून उठलेला खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यापुढे चालला. १९०८ चा निकाल लोक धर्मांतराचा निकाल म्हणून लक्षात ठेवतात. दावा मात्र विश्वस्त निधी, अग्यारी आणि दखमा यांच्या वापराचा होता. पारशी कोण हे ठरवायचे, ते धर्मादायाचा लाभ कोणाला हे ठरवण्यासाठी. वेबरला हे वाचून बरे वाटले असते. परजातीच्या आईची मुले वडील पारशी असतील तर पारशी, आणि आई पारशी असून वडील परके असतील तर नाहीत, असा व्यवहार त्या निकालाच्या आधाराने रूढ झाला. १९४१ मध्ये अखंड भारतात पारशी १,१४,८९० होते, २०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४. उशिरा लग्न, लग्नच न करणे, स्थलांतर ही कारणे मोठी आहेत. सगळा दोष दारावर टाकणे बरोबर नाही. पण दोन बंद समाजांपैकी एक वाढतो आणि एक घटतो, तेव्हा बंदपणाने समाज मरतो किंवा बंदपणाने समाज तगतो, ही दोन्ही ठोकळ विधाने बाजूला ठेवावी लागतात.

आता किमतीकडे वळू. वाळीत टाकणे हा शब्द शहरातल्या वाचकाला जुन्या कादंबरीतला वाटतो. कोकणातल्या काही गावकीत तो काल-परवाचा आहे. किराणा दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळून देत नाही, शिमग्यात पालखी घरोघर फिरते आणि एका दाराशी न थांबता पुढे जाते. घरात मयत झाले तर खांदा द्यायला माणूस मिळत नाही. भटक्या समाजांच्या जातपंचायतीत दंड भरून पुन्हा जातगंगेत यायची सोय असते आणि दंडाची रक्कम पंच ठरवतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान सुरू केले, २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७ च्या जुलैपासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य.

पण मुंबई प्रांताने हा प्रयत्न आधीही केला होता. १९४९ च्या कायद्याने जमातीतून बहिष्कृत करण्यावरच बंदी घातली. दाऊदी बोहऱ्यांच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला: आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा संप्रदायाला अधिकार आहे आणि सदस्याला काढणे त्यातच येते. विरोधी मत सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, असे त्यांना दिसले. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. माझे मत विचाराल तर, ‘तू आमच्या श्रद्धेचा नाहीस’ एवढे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही संप्रदायाला असावा. बापाला दफन करायची जागा, बायकामुलांशी बोलणे आणि दुकानाची गिऱ्हाइके हिरावून घेण्याचा नसावा. अडचण एवढीच, की व्यवहारात पहिली गोष्ट दुसरीशिवाय फार क्वचित घडते.

राज्यसंस्थेने बंद केलेल्या समाजांवर, म्हणजे होजाचा अल्बानिया, उत्तर कोरिया, भिंतीमागचा पूर्व जर्मनी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. १९४९ ते १९६१ या काळात पंचवीस लाखांहून अधिक लोक पूर्व जर्मनी सोडून गेले, म्हणून भिंत उभी राहिली. आल्बर्ट हर्शमनच्या १९७० च्या पुस्तकातली मांडणी इथे कामाला येते: नाराज माणूस एकतर सोडून जातो, नाहीतर आवाज उठवतो. पहिला रस्ता अडवला की दुसरा किती महाग करावा लागतो, हे या राजवटींच्या गुप्त पोलिसांच्या फायली मोजून समजते. जातीला अशा फायली लागत नाहीत. चुलते आणि आत्या पुरतात.

मग अभ्यासकाने आत शिरायचे कसे? अर्व्हिंग गॉफमन १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात क्रीडा विभागाचा मदतनीस म्हणून वावरला आणि रुग्ण नियमांच्या फटीत आपले छोटे जग कसे उभे करतात हे टिपत राहिला. जॉन हॉस्टेटलर आमिश घरात जन्मला, बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच बाहेर पडला, समाजशास्त्रज्ञ झाला आणि १९६३ मध्ये त्याने आमिश समाजावरचा प्रमाण मानला जाणारा ग्रंथ लिहिला. बाहेरच्याला दिसते ते आतल्याला दिसत नाही आणि उलटही, हे खरे. पण अधिक महत्त्वाचे हे, की माहिती देणाऱ्याची किंमत अभ्यासक भरत नाही. आपण प्रबंध घेऊन घरी येतो, तो पंचांपुढे उभा राहतो. या विषयात येणाऱ्याने मुलाखतीची वही उघडण्यापूर्वी याचा विचार करावा.

शेवटी एका कामाकडे लक्ष वेधतो, कारण ते मराठी अभ्यासकांनीच करण्यासारखे आहे. आज सती नाही, बालविवाहाला कायदा आडवा येतो, विधवेच्या पुनर्विवाहाला बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही आणि शहरांत पंच कोण हेही मुलांना ठाऊक नसते. आंबेडकरांनी दाखवलेल्या यंत्राचे बहुतेक भाग गळून पडले. तरी २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्ने साधारण पाच टक्केच निघाली. मग कडी आता कोणाच्या हाती आहे? उत्तराचा काही भाग वधू-वर सूचक मंडळांच्या अर्जात असावा. जात, पोटजात, गोत्र किंवा देवक, मूळ गाव, पगार, स्वतःचे घर आणि तळाला एक चौकोन: ‘आंतरजातीय चालेल का?’ ज्ञातिसंस्थांच्या मासिकांतून अशा याद्या कित्येक दशके छापल्या गेल्या. कोणत्या दशकात पोटजातीचा रकाना गेला, पगाराचा केव्हा आला, तो चौकोन कोणत्या संस्थेने आधी घातला आणि त्यात ‘हो’ लिहिणारे किती, हे त्या अंकांतून मोजता येण्यासारखे आहे. अंक ज्ञातिसंस्थांच्या कपाटांत आहेत. मागितले तर बहुधा दाखवतात, चहाही देतात. मात्र आधी तुमचे आडनाव विचारतील.